घरातली एकटी अळणी

आमच्या घरात पोर चालायला लागलं की सगळ्यांचं लक्ष न्हाणीच्या कोपऱ्याकडे लागायचं. हसू नका, खरं सांगते. सणावाराचं गोडधोड खाऊन पोर त्या कोपऱ्यात लघवीला बसून उठलं आणि थोड्या वेळानं त्या ओल्या जागेवर मुंग्यांची रांग लागली, की माझी कमळाआत्या पदर खोचून अंगणभर ओरडत सुटायची, "आल्या व माय, आल्या! मुंग्या आल्या!" मग काय विचारता! आई चुलीवर कढई चढवायची, कणकेचा शिरा व्हायचा, उंबरठ्यावर मुंग्यांसाठी चिमूटभर साखर पडायची, पोराच्या कपाळाला कुंकू लागायचं आणि गल्लीत घरोघर शिऱ्याची वाटी जायची. ते पोर त्या दिवसापासून 'साखरेचं'. आमच्या कोण्या पणजीच्या स्वप्नात येऊन देवीनं तिला ओंजळभर साखर दिली होती म्हणे, आणि ती वंशात कोणाकोणात उतरते. साखरेच्या माणसाच्या हाताला बरकत असते, म्हणून पेरणीची पहिली मूठ त्यानं धरायची, नव्या गाईची पहिली धार त्यानं काढायची. बाबा साखरेचे, काका साखरेचे, बाबांची बहीण कमळाआत्या साखरेची आणि माझा मोठा भाऊ दिगांबर, म्हणजे आमचा दादा, तोही साखरेचाच.

मी मात्र अळणी. मुंग्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आईनं वाट पाहिली, आत्यानं मला मुद्दाम जास्तीच्या पुरणपोळ्या चारल्या, पण एक मुंगी म्हणून फिरकली नाही. शकुंतला हे माझं नाव शाळेच्या पटावरच राहिलं, घरात दादानं 'अळणी' पाडलं ते आजतागायत टिकलं. "अळणे, पानी आन." "अळणे, कढीत बोट घालू नोको, मीठ कमी होईन." मला असा राग यायचा! एकदा मी न्हाणीच्या कोपऱ्यात गुळाचं पाणी ओतलं, मुंग्या येईपर्यंत दम धरून उभी राहिले आणि मग गाव गोळा होईल अशी बोंब ठोकली. आत्या धावत आली. तिनं जमिनीकडे पाहिलं, माझ्या चिकट बोटांकडे पाहिलं आणि धुण्याच्या दगडावर बसून पोट धरून हसली. "किती गूळ उडवला व पोट्टे?" पण तिनं कोणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मला चुलीमागे बोलावून वाटीभर शिरा हातात दिला. म्हणाली, "खाय. अळण्या मान्साले गोड लागत नाही असं थोडीच हाय." पुढे आयुष्यात मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, एकदा तर चांदीचं तबकही मिळालं. त्या वाटीची सर एकालाही नाही.

आमचं घर महागावचं, बाजाराच्या मागच्या गल्लीतलं. शेतात पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर आणि नंतर नंतर सोयाबीन. खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसं. पहाटे आत्याच्या खराट्याच्या आवाजानं जाग यायची, मग बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग जिनिंगचा भोंगा. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत आम्ही ओसरीवर बसायचो आणि त्या दाण्यांची भाजी भाकरीबरोबर, वर ठेचा. लिहिताना तोंडाला पाणी सुटलं. इथे पुण्यात ओल्या तुरीच्या शेंगा मिळतात, पण सोलायला माणसं कुठून आणू? आत्या सगळ्यांचं वाढायची आणि स्वतः शेवटी जेवायची. वाळल्या पऱ्हाटीच्या काडीसारखं अंग. लग्न होऊन गेली होती, पण सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली ती कायमची. का सोडली, ते कोणी बोलत नसे. सकाळच्या चहाआधी ती कमरेच्या चंचीतून एक डबी काढायची आणि अर्धी गोळी तोंडात टाकायची. विचारलं तर म्हणायची, डोक्याची गोळी. इतका शिरा करणारी ती बाई स्वतः चमचाभरही तोंडात घालत नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मी सायन्सला यवतमाळच्या कॉलेजात गेले आणि त्याच वर्षी दादाचं बिनसलं. गडी अंगानं मुळातच सडपातळ, पण आता पायजम्याची नाडी आवळून आवळून थकला. शेतात नेलेली पाण्याची घागर एकटा रिकामी करायचा. पुसदच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, साखर आहे, आणि इतक्या कमी वयात, इतक्या बारीक माणसाला झाली म्हणजे जन्मभर इन्सुलिनची सुई. त्यांना मी दोष देत नाही. तेव्हा कोणत्याही डॉक्टरनं तेच सांगितलं असतं. घरात फ्रीज नव्हता, म्हणून आईनं वाळू ओली करून तिच्यात मडकं रोवलं आणि त्यात इन्सुलिनची बाटली ठेवली. काचेची पिचकारी रोज छोट्या पातेल्यात उकळायची. उकळत्या पाण्यात काच पातेल्यावर आपटायची, टक टक टक, आणि तो आवाज आला की दादा उठून गोठ्यात जाऊन बसायचा. मोठा बाप्या माणूस, पण त्याला तिथून हाताला धरून आणावं लागायचं.

सुई घेऊन बरं वाटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याची साखर एकदम खाली जायची. दरदरून घाम, हात थरथरणार, भलतंच बोलणार. एकदा तो विहिरीच्या काठावर बैलांचा कासरा हातात धरूनच कोसळला. बैल गरीब म्हणून जागचे हलले नाहीत, नाहीतर आज मी हे प्रकरण लिहायला बसले नसते. बाबांनी त्याला उचलून आणलं आणि त्या दिवसापासून शेत बंद. त्या वर्षी पेरणीची पहिली मूठ काकांनी धरली. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसून राहायचा. मी सुटीत आले तर म्हणाला, "शके, बैल कोनाच्याबी हातानं चालतात व. माह्यं आता काय काम हाय?" मला त्यानं 'अळणे' म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं. पुढे कळलं की तो सुई चुकवायचा, आईला घेतली म्हणून सांगायचा. घेतली तर कोसळायचा, नाही घेतली तर वाळत चालला होता. दोन्हीकडून मरणच. आई रात्रंदिवस त्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

दिवाळीच्या सुटीत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, बाईंना विचारून, निळ्या औषधाची एक बाटली आणली. सोपी परीक्षा होती. काचेच्या नळीत हे औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही, आणि हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी होत गेलं तर तितकी साखर जास्त. दादाचं रोज पाहून सुई कमी-जास्त करता येईल, एवढाच माझा विचार. पण ओसरीवर दिवा पेटला आणि घराला तमाशाच झाला. काकू हसत हसत तिच्या चार वर्षांच्या मंदीला घेऊन आली. "आमच्या मंदीचंही पाह्य न व. साखरेची हाय ते!" मंदी करंज्या खाऊन टुम्म झाली होती. नळी तापली, निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता नारिंगी. काकूला रंग आवडला. "पाह्य कशी झेंडूसारकी झाली!" मी मात्र दिवा विझवला आणि काकांना हाक मारली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी मंदीला पुसदला नेलं. रक्तात साखर अगदी ठीक! लघवीत साखर आणि रक्तात नाही, हे माझ्या पुस्तकात कुठे नव्हतं. मग मी घरातल्या एकेकाच्या मागे लागले. माझी नळी निळी. आई सून म्हणून आलेली, तिचीही निळी. काकांची विटकरी. बाबा म्हणाले, "माह्यं पाहाची काही गरज नाही," आणि तांब्याभर पाणी पिऊन शेतात निघून गेले. नळ्या धुताना आत्या माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. मी म्हटलं, "आत्या, तुझी राहिली." ती बराच वेळ राख घेऊन एकच नळी घासत राहिली. मग म्हणाली, "माह्यी पाहू नोको. मले माहीत हाय."

आणि तिनं चंचीतली डबी काढून माझ्यापुढे ठेवली. ती दादाएवढी होती तेव्हाच तिला साखर झाली होती. सासरच्यांनी म्हणूनच आणून सोडली. तिच्या वडिलांनी गुपचूप यवतमाळला नेऊन औषध सुरू केलं, आणि घरातल्या पोरींची लग्नं अडतील म्हणून सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. "इतके वर्सं अर्ध्या गोळीवर हावो मी," आत्या म्हणाली. "सुई कशी असते, मले माहीत नाही."

मी उठून उभीच राहिले. तेच घर, त्याच मुंग्या, तेच वय, तसंच काटकुळं अंग. देवीची साखर साखर म्हणून आम्ही ज्याचा शिरा वाटला, ती हीच! मुंग्या आधी येत होत्या आणि आजार मागून, पण मधे इतकी वर्षं जायची की दोन्हीची गाठ कोणी घातलीच नव्हती. आणि आत्याचा नि दादाचा आजार एकच असेल, तर आत्या गोळीवर जगते, मग दादानं सुईनं का मरावं?

बाबांना सांगितलं तर ते असे भडकले की गोठ्यातली वासरं बुजली. "दवाखान्यात जाऊन सांगशीन त साऱ्या तालुक्यात होईन! तुह्यं लगन कोन करन? मंदीचं कोन करन?" मीही त्यांचीच लेक. म्हटलं, "माह्या लग्नाचं मी पाहीन. तुम्ही पोराचं पाहा." बाबांनी हात उगारला. मारला नाही, पण उगारला. आई मधे पडली. या सगळ्या गोंधळात आत्या आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि पायात चपला घालायला लागली. "तू कुठी चालली व?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "यवतमाळले. पोराची साखर माह्यासारकी हाय का, ते डाक्टरले मले पाहूनच समजन. सासरहून मले एसटीत बसवून आनलं तवा मान खाली घालून आल्तो, भाऊ. आता वर करून जातो." बाबा बाजेवर बसले. थोड्या वेळानं तेही उठले आणि त्यांनी टोपी घातली.

आत्याला एसटीत उलटी व्हायची, म्हणून तिनं सगळी वाट पदरात लिंबू धरलं होतं. माझ्या कॉलेजच्या बाईंच्या ओळखीनं मोठ्या दवाखान्यातल्या साबळे डॉक्टरांपुढे दादाला घेऊन आम्ही सगळे बसलो. मी घाबरत घाबरत मुंग्यांचं सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला हाकलून देणार. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आत्याला विचारलं, "मावशी, आणखी कोणाकोणाला आल्या होत्या मुंग्या?" आत्या पणजीपासून सुरू झाली. इतक्या आदरानं तिला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं, ते तिच्या आवाजातच कळत होतं. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांत अशी साखर पिढ्यान्पिढ्या उतरते असं वाचलंय, तरुणपणी येते, बारीक माणसांना येते आणि गोळीला ऐकते. पण खात्री नाही. वॉर्डात ठेवून बघावं लागेल. आईनं विचारलं, "अन् चुकलं त?" ते म्हणाले, "म्हणून तर घरी पाठवत नाही. चुकतंय असं दिसलं तर त्याच क्षणी सुई."

सुई हळूहळू कमी केली आणि गोळी सुरू झाली. मी वॉर्डाच्या दाराशी स्टुलावर बसायचे. नर्सबाई रक्त घेऊन गेल्या की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. आत्या दादाच्या पायाशी बसून त्याचे तळवे चोळायची, पाय गरम आहेत का बघायची. एका सकाळी सुई पूर्ण बंद होती, फक्त अर्धी गोळी, आणि दादाला पुन्हा घाम फुटला. आईनं तोंडात पदर कोंबला. डॉक्टर धावत आले, साखरपाणी पाजलं, रक्ताचा आकडा पाहिला आणि चक्क हसले. "अहो, याला अर्धीही जास्त होतेय. पाव पुरे!" इतकं रामायण, आणि शेवटी नखाएवढा गोळीचा तुकडा! मग त्यांनी बाबांकडे वळून पाहिलं. "आता तुम्ही या. मघापासून पाण्याचा तांब्या तुमच्याच हातात आहे." बाबांनी तांब्या खाली ठेवला. बाही वर करून हात पुढे केला. त्यांनाही होतीच.

दादाचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं. "बैल कसे हायेत?" दुसरं, "अळणे, माह्या चपला कुठी हायेत?" ते ऐकून मी वॉर्डाबाहेर जाऊन मनसोक्त रडले. पुढच्या पेरणीला पहिली मूठ त्यानंच धरली. लग्न झालं, संसार झाला. माझंही लग्न झालं, बाबांच्या धास्तीला न जुमानता, आणि मंदीचंही.

मी पुढे नागपूरला शिकले, मग प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आयुष्यभर जनुकांच्या नियंत्रणाचाच अभ्यास केला. कशाला, ते आता सांगायला नको. खूप वर्षांनी आमच्या घरच्या सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं, तेव्हा चूक सापडली. ज्या जनुकात ती निघाली, ते कापूसवेचणीच्या मुकादमासारखं असतं. स्वतः बोंड तोडत नाही, दुसऱ्या जनुकांना हाक मारून कामाला लावतं. आमच्या घरातल्या साखरेच्या माणसांचा हा मुकादम अर्धवट झोपेत. त्यामुळे स्वादुपिंडात इन्सुलिनचं काम ढिलं पडतं. हाच मुकादम मूत्रपिंडातही हाका मारतो, लघवीतून चाललेली साखर ओढून परत घ्या म्हणून. तिथेही हाक कमी पडते, साखर बाहेर सांडते, आणि मुंग्या येतात, रक्त बिघडायच्या कितीतरी वर्षं आधी. गोळी मुकादमाला विचारत बसत नाही, थेट काम करणाऱ्या पेशींनाच जागं करते. म्हणून पाव गोळीत भागतं. आणि ही चूक पक्की ठरवायला चूक नसलेलं माणूसही तितकंच लागतं, ज्याच्याशी ताडून बघायचं. दादा हे येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती काढून सांगतो, "आमच्या अळणीबिगर पत्ताच लागला नसता!"

ती बातमी सांगायला मी मुद्दाम गावी गेले होते. आत्या तेव्हा पार थकली होती, बाजेवरून उठत नव्हती. म्हटलं, "आत्या, सापडली पणजीची साखर." "कुठी होती व?" "एका अक्षरात. एवढ्या मोठ्या पोथीत एक अक्षर चुकलेलं." तिनं बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून विचारलं, "एवढुसं?" मग पुन्हा हसली, धुण्याच्या दगडावर बसून हसली होती तशी. या बाईचं मी काय देणं लागते, ते शब्दांत येत नाही. मान वर करून ती त्या एसटीत चढली म्हणून माझा भाऊ आहे, बाबा म्हातारे झालेले मी पाहिले आणि मला माझं काम मिळालं. साबळे डॉक्टरांचीही मी ऋणी आहे. मुंग्यांचं नाव ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं, तसं ठेवणारे डॉक्टर मला पुढे फार भेटले नाहीत.

आमच्याकडे मुंग्या आल्या की अजूनही शिरा होतो. फक्त दुसऱ्या दिवशी दवाखाना असतो. दादाच्या मुलाला आल्या होत्या. तो आज गोळीवर ठणठणीत आहे, ट्रॅक्टर चालवतो. त्याची पोरगी नुकती अडीच वर्षांची झाली. परवा दादाचा फोन आला. "अळणे, घरी ये." मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाला, "ये त खरी," आणि ठेवला. मी गुडघ्यांना पट्टे बांधून, काठी घेऊन पोचले. दारातच तुपात कणीक भाजल्याचा वास. गॅसवर मोठी कढई, पोरीच्या कपाळाला कुंकू, सून वाट्या मांडत होती. मी काठी दाराशीच टेकवली. "कधी आल्या रे मुंग्या?"

दादा म्हणाला, "नाही आल्या." मग माझ्याकडे पाहून हसला, बोळकं तोंड पसरून. "सारी दिवाळी पाहिलं, एक नाही आली. तरीबी विश्वास नाही ठेवला, पोरानं रक्त पाठवलं. त्यातही ते चुकलेलं अक्षर नाही. घरात दुसरी अळणी आली, शके! गल्लीत शिरा वाटून राह्यलो."

त्यानं पहिली वाटी भरली. मला वाटलं, पोरीला देईल. त्यानं ती माझ्या हातात दिली. म्हणाला, "हे तुही हाय. लय उशीर झाला."

शिऱ्यात साखर अंमळ जास्तच झाली होती. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.